पुळण मोकळी नाही

सुरुवातीलाच माफी मागते. माणसांविषयी लिहिणारे लोक स्वतः जाणते असतात, आणि ज्यांच्याविषयी लिहितात तीही मोठी माणसं असतात, असं मी आजवर समजत आले. मी कुडाळच्या कॉलेजात भूगोल शिकते आणि आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. आमच्याकडे लिहिण्याचा प्रसंग येतो तो रेशनकार्डाच्या अर्जापुरता आणि लग्नाच्या यादीपुरता. त्यामुळे हे लिहिताना हात अडखळतो आहे. शिवाय ज्यांच्याविषयी लिहिते आहे त्यांना हे कळलं, तर हिला लिहायला कोणी सांगितलं, हा त्यांचा पहिला प्रश्न असेल. कोणी सांगितलेलं नाही. माझ्या हातून एक चूक झाली होती आणि ती त्यांच्याशिवाय कोणाला दिसली नाही, म्हणून लिहिते आहे.

तर माझ्या आत्येचे दीर. आचऱ्यापासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या किनाऱ्यावर त्यांच्याइतका संशयी माणूस दुसरा नाही असं मी ठामपणे सांगते, आणि हे वाक्य त्यांना वाचून दाखवलं तर त्यावरही त्यांचा विश्वास बसणार नाही; मधली सगळी गावं तू फिरून आलीस काय, असं विचारतील. माझी आई कट्ट्याच्या बाजारात मासे विकते. तिने एकदा त्यांना तिथल्या स्टॉपवर कुडाळच्या गाडीपुढे उभं असलेलं पाहिलं. गाडीवर पाटी कुडाळची. त्यांनी कंडक्टरला विचारलं, तो कुडाळ म्हणाला. पुढे जाऊन ड्रायव्हरला विचारलं, तोही कुडाळ म्हणाला. मग खिडकीतल्या एका बाईला विचारलं, तीसुद्धा कुडाळच म्हणाली. यावर हे दोन पावलं मागे सरले. आईने विचारलं, आता चढत का नाही, तर हळू आवाजात म्हणाले, "तिगांचा उत्तर एकच कसा येता गो? कायतरी ठरवन इलेसत." ती गाडी गेली. दीड तासाने पुढची आली, तिच्यात आमच्या वाडीतला एकजण आधीच बसलेला होता, म्हणून ते चढले. वाटेतही, त्या वाडीवाल्याने मागाहून आईला सांगितलं, ते बाहेरचे मैलाचे दगड वाचत होते.

कुठलीही गोष्ट सांगा, त्यांचा प्रश्न एकच: हे कधीचं? मासा कधीचा, बातमी कधीची, मुलाच्या स्थळाची माहिती घेऊन आलेल्या पाहुण्याचं ज्ञान कधीचं. दवाखान्यात नव्या डॉक्टरांनी त्यांना रक्तदाबाचा आकडा सांगितला, तेव्हाही त्यांनी विचारलं, हा आकडा कधीचा? डॉक्टर म्हणाले, आत्ताचा. आत्ता म्हणजे तुमची घाटी चढून आल्याबरोबरचा, की बाकड्यावर बसून दम खाल्ल्यानंतरचा? डॉक्टर तरुण होते, रागावले नाहीत. त्यांनी त्यांना थोडा वेळ बसवलं, पुन्हा मोजलं, आणि आकडा बराच खाली आला. तेव्हापासून ते डॉक्टर प्रत्येकाच्या कागदावर आकड्याशेजारी वेळ लिहितात. ही सुधारणा आपल्यामुळे झाली असं आत्येचे दीर कधी म्हणत नाहीत. डॉक्टर खरंच घड्याळात बघून वेळ लिहितात की अंदाजाने, याची त्यांना खात्री नाही.

नकाशांवर तर त्यांचा खास राग. आमच्या वाडीजवळ कोणीतरी पर्यटकांसाठी खोल्या काढल्या आणि फोनमधल्या नकाशावर त्यांची खूण लावली. ती चुकून यांच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, पडली. मग दिवाळीच्या सुट्टीत रोज एक-दोन गाड्या थेट त्यांच्या तुळशीपर्यंत यायला लागल्या. माणसं बॅगा उतरवून विचारायची, आमची खोली कुठली? हे त्यांना आधी पाणी द्यायचे, उन्हाची वेळ असली तर सोलकढीही द्यायचे, आणि मग समोर खुर्ची ओढून चौकशी सुरू करायचे. तुम्हाला इथे कोणी पाठवलं? नकाशाने. नकाशा कोणी केला? माहीत नाही. ज्याने केला तो कधी इथे आला होता? माहीत नाही. माहीत नसलेल्या माणसाचं ऐकून तुम्ही पोराबाळांना घेऊन इतक्या लांब आलात? एक कुटुंब इतकं घाबरलं की पोलीस चौकशी चालली आहे असं समजून त्यांनी आपली ओळखपत्रं काढून दाखवली. ती यांनी उजेडात धरून पाहिली आणि परत केली.

हा संशय त्यांच्यात आला कुठून, हे मला पुष्कळ दिवस कळत नव्हतं. ते रापणीचे तांडेल होते. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबलचक जाळं. होडीतून ते समुद्रात अर्धगोल सोडतात आणि त्याच्या दोन दोऱ्या पुळणीवरची, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवरची, तीस-चाळीस माणसं मिळून ओढतात. जाळं कधी सोडायचं हे तांडेल ठरवतो. तो पुळणीवर उभा राहून तासन्‌तास पाण्याकडे बघतो. पाणी एके ठिकाणी काळसर झालं की तिथे माशांचा थवा असू शकतो, पण ती नुसती ढगाची सावलीही असू शकते. सावलीवर जाळं टाकलं तर चाळीस माणसांचा दिवस फुकट जातो. आत्या सांगते की तिचे दीर सावलीला कधी फसले नाहीत. सगळी पुळण ओरडत असायची की आला, मासा आला, आणि हे एकटे खुणेचा हात वर न करता उभे असायचे. मला वाटतं, इतकी वर्षं असं उभं राहिलेला माणूस पुढे बसची पाटीही तशीच बघणार.

आता माझी चूक. दुसऱ्या वर्षाला आमच्या मॅडमनी आम्हाला एक काम दिलं. जिल्ह्यातल्या तीन खात्यांकडे जमिनीचे तीन तक्ते होते, आणि ते जोडून सगळ्यांना वापरता येईल असा एकच नकाशा करायचा होता. अडचण अशी की जमीन एकच, पण प्रत्येक कचेरीत तिचं नाव वेगळं. एक खातं 'खाजण' लिहितं, दुसरं त्यालाच 'भरतीचं पाणी येणारी जमीन' म्हणतं, तिसरं नुसता एक आकडा टाकतं. एकाच्या रकान्यातला कुठला शब्द दुसऱ्याच्या कुठल्या शब्दाशी जुळतो हे ठरवून मधे बरोबरचं चिन्ह घालायचं, हे आमचं काम. मॅडम म्हणायच्या, कॉम्प्युटरला शब्द दिसतात, जागा दिसत नाही. तुम्ही इथल्या मुली आहात, तुम्हाला जागा दिसते. हे ऐकून मला फार बरं वाटायचं. मी वरकस, म्हणजे डोंगरउतारावरच्या जमिनीचं जुळवलं, खाजणाचं जुळवलं, आणि आमच्याच वाडीच्या पुळणीपाशी आले.

मासेमारीच्या तक्त्यात तिच्यापुढे लिहिलं होतं: रापण, वापर हंगामी. किनाऱ्याच्या तक्त्यात लिहिलं होतं: वाळू, मोकळी. एकत्र करायच्या नव्या तक्त्यात वापराच्या रकान्यात तीनच पर्याय होते: कायम वापर, बांधकाम, मोकळी. हंगामी नव्हतंच. मी थोडा वेळ विचार केला. कायम म्हणावं तर खोटं, बांधकाम तर नाहीच. मग मी 'हंगामी' आणि 'मोकळी' यांच्यामधे बरोबरचं चिन्ह घातलं. त्याबरोबर दोन्ही तक्ते जुळले आणि तालुक्याच्या सगळ्या ओळी हिरव्या झाल्या. एकही लाल राहिली नाही. मला इतका आनंद झाला की शनिवारी घरी आल्यावर लॅपटॉप घेऊन मी तडक आत्येकडे गेले.

चहा चालला होता. आत्येच्या दिरांना वाचता येतं, पण आपल्या चष्म्यावर त्यांचा भरवसा नाही, म्हणून त्यांनी मला मोठ्याने वाचायला सांगितलं. मी वाचत गेले. ते प्रत्येक जुळणीवर मान हलवत होते, खाजणाला तर त्यांनी बरं म्हटलं. मग पुळणीची ओळ आली आणि त्यांनी बशी खाली ठेवली.

"हंगामी बरोबर मोकळी. ह्यां कोणी लिवल्यान?"

मी सांगितलं, मीच.

"तुका कोणी सांगल्यान?"

कोणीच नाही, मी म्हटलं.

ते माझ्याकडे बघत राहिले, आणि आत्येने मागाहून सांगितलं की ते पाण्याकडे बघायचे तसंच बघत होते. मग म्हणाले, "कोणी सांगूक नाय? मगे तर आणखीच वायट."

त्यानंतर ते माझ्याशी बोलेनासे झाले. मी खळ्यात आले की आत जात. मी कचेरीची झाले असं त्यांनी वाडीत सांगितलं. आत्या माझी बाजू घेऊन म्हणाली, "भावोजी, चेडू आपलाच आसा." तर त्यांचं उत्तर, "आपलाच आसा म्हणानच तर तेच्याकडसून लिवन घेतल्यानी." हे ऐकून मला रडू आलं, पण खरं सांगायचं तर रागही आला. एवढ्या मोठ्या तक्त्यातल्या एका शब्दाने काय होणार, असं मी मनाशी म्हणत होते.

काय होणार ते दोन आठवड्यांनी मॅडमकडून कळलं. एकत्र केलेल्या नकाशावर जिथे 'मोकळी' दिसेल अशा किनाऱ्याच्या जागा पर्यटकांच्या गाड्या आणि दुकानं यांच्यासाठी सुचवल्या जाणार होत्या. आमची पुळण त्या यादीत पहिल्या पानावर होती. हरकती घ्यायला महिनाअखेरपर्यंत मुदत होती. तिथे गाड्या उभ्या राहिल्या तर होडी कुठे ओढणार, जाळं कुठे पसरणार, दोरीला उभी राहणारी माणसं कुठे पाय रोवणार? त्या रापणीच्या कमाईवर माझ्या वडिलांनी मला शिकवलं, आणि मी तिच्यावर एका चिन्हाने रेघ मारली होती. मी मॅडमना सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, आता तुझा तक्ता बदलून भागणार नाही, पर्यायच अपुरे आहेत. ती जागा वापरणाऱ्या माणसालाच कचेरीत यावं लागेल.

मी आत्येकडे गेले. ते झाप विणत बसले होते. मी उभ्या उभ्या सांगितलं की काका, माझी चूक झाली, आणि ती मला एकटीला सुधारता येत नाही. त्यांनी मान वर केली नाही. फक्त विचारलं की मी त्यांना नेते आहे, की मला कोणी त्यांना आणायला पाठवलं आहे. मी म्हटलं, मीच नेते. त्यांनी आणखी दोन झावळ्या विणल्या आणि आत्येला पांढरा शर्ट काढायला सांगितलं.

जाताना त्यांच्या काखेत जुन्या कॅलेंडरांची एक गुंडाळी होती. दर वर्षीचं कॅलेंडर ते जपून ठेवतात, हे मला तेव्हा कळलं. कॅलेंडरवर भरती-ओहोटीची वेळ छापलेली असते ती मुंबईची, आपल्या पाण्याची नाही, म्हणून ते रोज स्वतः बघून शेजारी पेन्सिलीने आपली वेळ लिहितात. आणि आमच्या पुळणीवर तीन रापणी, म्हणजे माणसांचे तीन गट, पाळीपाळीने जाळं ओढतात, त्यातल्या दुसऱ्या दोघी आपली पाळी चोरतील हा त्यांचा जुना संशय, म्हणून कुठल्या दिवशी कोणी जाळं टाकलं तेही प्रत्येक चौकोनात. श्रावणातल्या पौर्णिमेपासून वैशाखापर्यंत सगळे चौकोन भरलेले. पावसाळ्याची पानं कोरी.

कचेरीत मॅडम आधीच येऊन थांबल्या होत्या, आणि तिथले साहेब चांगले होते. त्यांनी आम्हाला बसायला सांगितलं आणि संगणकावर आमची पुळण काढली. वरून काढलेला फोटो होता. पांढरी स्वच्छ वाळू, माणूस नाही, होडी नाही. साहेब म्हणाले, हे बघा, मोकळीच दिसते. आत्येचे दीर कचेरीत शुद्ध बोलतात, आणि तेव्हा त्यांचा आवाज फार हळू होतो.

"साहेब, हा फोटो कधीचा?"

साहेबांनी कोपऱ्यात पाहिलं. जुलैचा होता. मग त्यांनी पाहणीचा अहवाल उघडला. पाहणीलाही माणसं जुलैमध्येच आली होती.

"जुलैत समुद्र आम्हाला आत घेत नाही. होडी वर झापाखाली असते, जाळं माळ्यावर असतं," ते म्हणाले. "मी बाहेर गेलेलो असताना तुम्ही माझ्या घरी आलात साहेब, आणि घर रिकामं आहे असं लिहून गेलात."

साहेबांनी त्यांच्या काखेतली कॅलेंडरं मागितली. आत्येच्या दिरांनी ती दिली, पण एक टोक हातातून सोडलं नाही, त्यामुळे दोघांनी मिळूनच ती पाहिली. साहेब पेन्सिलीतली अक्षरं वाचत बराच वेळ पानं उलटत होते. शेवटी म्हणाले, हे खरं आहे, पण फॉर्ममध्ये महिन्याचा रकाना नाही. मॅडम म्हणाल्या, मग एक रकाना वाढवा, केव्हापासून केव्हापर्यंत. साहेब म्हणाले की तो एका पुळणीसाठी वाढवता येत नाही, वाढवला तर सगळ्या जिल्ह्याला लागू होईल, आणि ते वर विचारावं लागेल. आत्येच्या दिरांनी विचारलं, वर म्हणजे कुठे, आणि वरचे लोक कधी खाली येतात का. साहेब हसले. मला वाटतं तो प्रश्न विनोदाने विचारलेला नव्हता.

हरकतीला जोडायला कॅलेंडरांच्या प्रती काढायच्या होत्या. त्या दुकानात गेलेल्या दीड तासाविषयी मी थोडक्यात लिहिते. ते मशीनला चिकटून उभे राहिले, आत गेलेलं प्रत्येक पान बाहेर आल्यावर आपलंच आहे का ते पडताळलं, आणि शेवटी मशीनच्या पोटात एखादी जादा प्रत राहिली नाही ना हे बघायला झाकण उघडायला लावलं. दुकानदाराने उघडून दाखवलं. परतीच्या वाटेवर ते माझ्या शेजारी बसले. बरंच अंतर गेल्यावर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "चुकलंय म्हणान तू आपणहून सांगलंस, म्हणान इलंय. नायतर येतलंय नव्हतंय." इतक्या आठवड्यांनंतर ते माझ्याशी आपणहून बोलले होते.

मग काहीच झालं नाही. उत्तर आलं नाही. महिनाअखेर गेली, पावसाळा आला आणि गेला. ते मला दर शनिवारी विचारत आणि मी दर शनिवारी नाही म्हणे. उत्तर आलं असून मी लपवते आहे, असं काही दिवस त्यांना वाटत होतं. त्यातच त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि त्यांची लेक त्यांना वालावलला आपल्या घरी घेऊन गेली. तिथे खाडी आहे, झाडी आहे, सगळं निवांत आहे. लेक फोनवर सांगायची की बाबा दिवसभर खाडीकडे बघतात आणि ह्या पाण्याचा काय भरवसो नाय म्हणतात, आवाजच करत नाही.

नवरात्रात मॅडमनी मला बोलावून पडद्यावर नवा तक्ता दाखवला. एक रकाना वाढला होता. मी आमची ओळ कागदावर उतरवून घेतली आणि घरी न जाता वालावलची गाडी धरली. निघताना आत्येला फोन केला, तर ती आधी आनंदली आणि मग म्हणाली की त्यांना एक गोष्ट सांगू नकोस: हंगाम सुरू होऊन इतके दिवस झाले तरी आपल्या रापणीने एकदाही जाळं टाकलेलं नाही. माणसं जमत नाहीत. तरणी मुलं गोव्याला गेली, काही पर्यटकांच्या बोटींवर लागली, आणि उरलेल्यांत दोन दोऱ्यांना पुरतील इतके हात नाहीत.

ते ओसरीवर पाय लांब करून बसले होते. मी कागद वाचला. रापण ओढण्याची जागा. वापर हंगामी, श्रावण ते वैशाख. पावसाळ्यात रिकामी दिसते. त्यांनी मला पुन्हा वाचायला लावलं, आणि तिसऱ्यांदाही. सही कोणाची हे विचारलं नाही. मग त्यांनी विचारलं, आपली रापण या वर्षी किती वेळा गेली. आत्येने बजावलं होतं, पण त्यांच्यापासून काही लपवून उपयोग नसतो. मी सांगितलं, एकदाही नाही.

त्यांनी माझ्या हातातून कागद घेतला आणि घडी न घालता मांडीवर ठेवला.

"आता कागदार लिवलेला आसा," ते म्हणाले. "म्हणजे ओढूक व्हयी. नायतर आमीच खोटे पडतलो."

लेक आतून म्हणाली की बाबा, डॉक्टरांनी अजून चालायला सांगितलेलं नाही. त्यांनी ऐकलं नाही. ते एकेक नाव पुटपुटत बोटं दुमडायला लागले. माझ्या वडिलांचं नाव घेतलं, आत्येच्या नवऱ्याचं घेतलं, दुसऱ्या दोन रापणींतल्या ज्या माणसांवर त्यांनी जन्मभर विश्वास ठेवला नाही त्यांचीही घेतली. दोन्ही हात दोनदा संपले. तेविसावर ते अडले, खाडीकडे बघत राहिले, आत्येचं नाव घेऊन आणखी एक बोट दुमडलं. मग माझ्याकडे न बघता पंचविसावं.